मानेपाशी सांगितलेलं

…नाही, नाही, बाई झोपल्यात. त्यांना उठवायचं नाही, डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. तुम्ही बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डुगडुगतो — ही घ्या. जे काय विचारायचंय ते मला विचारा. अहो, त्या पिक्चरचं त्यांना जेवढं ठाऊक, तेवढंच मला. थोडं जास्तच. त्यांना स्वतःचा चेहरा दिसत होता का? तो मी बघत होते, हातभर अंतरावरून. मेकअप माझा होता ना. बाईंचाही आणि पिशाच्चाचाही. पाट्यांमध्ये नाव शोधू नका, नाही सापडायचं. मेकअपवालीचं नाव पडद्यावर आणायची पद्धत नव्हती तेव्हा. स्टुडिओच्या मांजराचं नाव आलं असतं, माझं नाही.

काय? किंकाळी? हां. वाटलंच मला. सगळे फिरून फिरून किंकाळीवरच येतात. बाई इतकं खरं कशा ओरडल्या, टाचणी टोचली होती का, कुणी मागून घाबरवलं का — एकानं तर छापलं होतं की ती किंकाळी दुसऱ्याच बाईची आहे म्हणून. काही नाही तसलं. किंकाळी त्यांचीच. पहिल्यापासून सांगते. नाहीतरी त्या उठेपर्यंत तुम्ही काय भिंतीकडे बघत बसणार?

गोष्ट तर तुम्ही बघितलीयच. लढाई चालू आहे, एका जुन्या हवेलीत लष्करी दवाखाना थाटलाय, बॉम्ब पडतो, तळघराची भिंत फाटते आणि आत कधीचं पडलेलं रक्तपिशाच्च उठून बसतं. वर सगळे जखमी शिपाई. रोज एखादा मरतो. डॉक्टर म्हणतात, जखमेनं गेला. कोण कशानं मेलं हे लढाईत विचारतंय कोण? पिशाच्चाला याहून सुगीचे दिवस कुठले मिळणार, सांगा! फक्त एका नर्सला संशय येतो — ते काम बाईंचं. आणि गंमत बघा, पडद्यावर लढाई आणि स्टुडिओच्या बाहेरही लढाईच. खिडक्यांना काळे कागद, भोंगा झाला की कॅमेऱ्यावर घोंगडी टाकून सगळे तळघरात. तळघर खरं होतं हो, सेट नव्हता. तिथंच पिशाच्चाची शवपेटी ठेवलेली. वरून धडाम्‌धुडूम चाललेलं आणि आम्ही त्या शवपेटीवर चहाचे पेले ठेवून बसलेलो. ग्लिसरीन मिळायचं नाही, सगळं दारूगोळ्याच्या कारखान्यात जायचं — म्हणून रक्त मी डिंकाच्या पाण्यात बुटपॉलिश कालवून करायचे. काळं-पांढरं चित्र, चालून जायचं. वास मात्र असा की बाई म्हणायच्या, "अगं, मला चावायला आलाय की माझे बूट पुसायला?" हसऱ्या होत्या फार. दोन शॉटांच्या मधे नवऱ्यासाठी स्वेटर विणत बसायच्या, आणि कुणी काही बोललं की सुया खाली ठेवून खदाखदा हसायच्या. हो, तुम्हाला पटायचं नाही आता.

नवरा लढाईवर. बेपत्ता म्हणून कळवलं होतं सरकारनं. मेला असंही नाही, आहे असंही नाही. बेपत्ता! स्वेटर तरी विणत होत्या. सुट्टीवर आलेला कुठलाही शिपाई दिसला की आडवं जाऊन विचारायच्या, "अमक्या आघाडीवर होतास का रे? उंच कपाळाचा, बोलताना कान चोळणारा कुणी बघितलास का?" त्यांचा प्रश्न लोक चुकवायला लागले होते. मीसुद्धा. काय सांगणार माणूस?

तर, पिशाच्चाचं काम करायचा तो ताडमाड. म्हणजे आम्ही म्हणायचो ताडमाड, नाटकातला नट, दारातून वाकून यायचा. अर्धं चित्र झालं आणि एका सकाळी स्टुडिओच्या मागच्या गल्लीत बॉम्ब पडला. भिंतीचा चुना खाली आला, बाकी काही नाही. पण ताडमाडचं धाबं दणाणलं. बायकापोरांना घेऊन जो सासुरवाडीला पळाला, त्यानं लढाई संपेपर्यंत तोंड दाखवलं नाही. पडद्यावर हा सगळ्यांचं रक्त पिणार, आणि इकडे… जाऊ दे. आमचा दिग्दर्शक — त्याला सगळे कर्णा म्हणायचे, कारण ओरडायला त्याला कर्णा लागायचाच नाही — तो डोकं धरून बसला. पिशाच्चाशिवाय पिशाच्चाचा पिक्चर कसा करायचा?

आणि त्याच आठवड्यात माझा भाऊ आला.

धाकटा माझा. घरी आम्ही त्याला चिमण म्हणायचो. लहानपणी एवढासा होता, म्हणून. पुढं वाढला तो ताडमाडएवढा झाला, पण नाव तेच राहिलं. भरती करून नेलं होतं त्याला. दुपारी मी रंगाच्या वाट्या धूत होते, मागच्या दारात कुणीतरी उभं. अंगात कुणाचातरी कोट, पायात लष्करी बूट. मी म्हटलं, "कोण पाहिजे?" — सख्ख्या भावाला विचारलं हो मी, कोण पाहिजे म्हणून. तो म्हणाला, "ताई, अंधार कुठंय?" बस, एवढंच. कसा आहेस नाही, भूक लागलीय नाही. अंधार कुठंय.

पळून आला होता. पळून आलेल्याला तेव्हा काय होतं, ठाऊक आहे ना? भिंतीशी उभं करायचे. आणि लपवणाऱ्यालाही सोडायचे नाहीत. तरी त्याला खाली नेलं, तळघरात, रद्दी सामानाच्या मागं बिछाना घातला. तिथं तो झोपेना. दुसऱ्या दिवशी बघते तर बिछाना रिकामा. शोधशोध शोधलं — शेवटी शवपेटीचं झाकण उचललं. आत होता. हात छातीवर, डोळे उघडे. म्हणाला, "इथं बरं वाटतं. चारी बाजूंनी लाकूड लागतं अंगाला."

मी काही बोलायच्या आत मागं कर्णा. पेटीला किती तडे गेलेत बघायला आला होता. त्यानं आत बघितलं. मग त्यानं बूट बघितले आणि सगळं समजला. मी त्याचे पाय धरायला वाकले, म्हटलं, "साहेब, माझा भाऊ आहे, साहेब—" कर्णा काहीच बोलेना. असा कधी गप्प राहायचा नाही तो. बघतोय, बघतोय, आणि मग अगदी हळू आवाजात मला विचारतो, "उंची किती याची?"

हसू येतं ना? मलाही आलं होतं, रडता रडता. असा चिमण पिशाच्च झाला. कर्ण्यानं सगळ्यांना सांगून टाकलं, ताडमाड परत आलाय, घसा बसलाय, डॉक्टरनं बोलायला मनाई केलीय, त्याच्याशी कुणी बोलायचं नाही. मी त्याच्या तोंडावर मेणाचं नाक चढवायचे, गाल आत ओढायचे, भुवया, सुळे, पांढऱ्या रंगाचे थर — सगळ्यांच्या आधी येऊन करायचे आणि सगळे गेल्यावर उतरवायचे. कुणाला शंका आली नाही. म्हणजे कुणाला तसं बघायला वेळच नव्हता. तुम्ही मघाशी म्हणालात ना, दुसऱ्या अर्ध्या भागात पिशाच्च एकदम वेगळंच वाटतं म्हणून? वाटणारच. ताडमाड डोळे वटारायचा, हात नाचवायचा. चिमण काहीच करायचा नाही. नुसता उभा राहायचा. पापणी लवायची नाही त्याची. कर्णा कॅमेऱ्यामागं हात चोळत म्हणायचा, "अहाहा, हा मेलेलाच आहे!" — आणि मी वाट्या धुवायला निघून जायचे. कारण मी रोज हात लावायचे ना त्या चेहऱ्याला. गार असायचा.

आणि मजा सांगू? लढाई संपल्यावर ताडमाड परत आला, आणि मरेपर्यंत त्या पिक्चरच्या सह्या देत फिरला. "तो क्लोज-अप? तो करताना मी दोन दिवस जेवलो नव्हतो!" म्हणायचा. म्हणू दे. आम्हाला बरंच होतं.

बाईंनी मात्र ओळखलं. कशावरून, तर बुटांवरून. झगा लांब होता, पण त्याच्या मापाचे दुसरे बूट मिळाले नव्हते. भोंगा झाला होता, सगळे खाली बसलो होतो, चिमण पेटीत. बाई विणता विणता थांबल्या. त्यांची नजर पेटीबाहेर आलेल्या बुटांवर. मग माझ्याकडे बघितलं. हसल्या नाहीत. उठल्या, पेटीशी गेल्या, गुडघे टेकून बसल्या आणि कुजबुजल्या, "कुठल्या आघाडीवर होतास?" तो गप्प. "उंच कपाळाचा, बोलताना कान चोळणारा—" तो गप्प. पण मी बघितलं, त्याचे हात छातीवरून खाली घसरले. आणि ते बाईंनीही बघितलं.

त्या दिवसापासून विचारायच्या. हातात हात द्यायचा प्रसंग असो, जिन्यावरचा असो, कॅमेरा फिरत नसला की ओठ न हलवता, "बघितलास ना त्याला? सांग ना." मी त्याच्या कानात सांगायचे, "चिमण, तोंड उघडलंस तर मेलोच आपण." तो म्हणायचा, "ताई, ती मला रोज विचारते." मी म्हणायचे, विचारू दे. तो पुन्हा तेच, "रोज विचारते गं."

मग तो चावण्याचा प्रसंग. नर्स औषधांच्या खोलीत एकटी, पिशाच्च मागून येतं, मान वळवतं, तोंड खुपसतं. सकाळपासून चाललं होतं, जमेना. बाईंना गुदगुल्या व्हायच्या. त्याचं मेणाचं नाक मानेला लागलं की खुदकन हसायच्या, हसून सॉरी म्हणायच्या, पुन्हा हसायच्या. उपासातलं हसू होतं ते, पोटात काही नसताना येतं तसं. कर्णा ओरडून ओरडून थकला. म्हणाला, तसाही याचा चेहरा दिसत नाही यात, सुळे काढा त्याचे, बोचत असतील त्यांना. मी काढले सुळे. आता तुम्हीच बघा, सुळे तोंडात असते तर त्याला धड शब्द फुटला नसता.

कॅमेरा सुरू झाला. चिमण मागून आला. मान वळवली. तोंड खाली नेलं. आणि थांबला. पडद्यावरही दिसतं ते, थांबतो तो, लोक म्हणतात काय छान थांबलाय. थांबला नव्हता. बोलत होता. मानेपाशी तोंड घालून, अगदी सावकाश. आम्हाला कुणाला ऐकू गेलं नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचं ते जे काय होतं — आधी नुसतं ऐकणं, मग हसूच, हो, हसूच येऊ लागलं होतं, आणि मग ते मधेच कुठंतरी — आणि मग ती किंकाळी. माझ्या हातातला ब्रश खाली पडला. कॅमेरावाल्याला वाटलं, भोंगा झाला. कर्ण्याला "कट" म्हणायचं सुधरलं नाही, म्हणून तर एवढा लांब आहे तो शॉट.

आणि शेवटी ती त्याला मिठी मारते ना? त्यावर केवढं लिहिलंय लोकांनी! वासना काय, मृत्यूची ओढ काय. अहो, कसली ओढ? त्याचं डोकं दोन्ही हातांनी मानेशी दाबून धरून त्या म्हणत होत्या, "पुढं. पुढं सांग."

काय सांगितलं त्यानं? …सांगते. आता लपवून काय करायचंय? बाईंचा नवरा आणि चिमण एकाच तुकडीत होते. एकाच घोंगडीत झोपायचे. त्या दिवशी सकाळी हुकूम झाला, खंदकातून वर चढा, आणि बाईंचा नवरा खालीच बसला. घाबरून नाही, चिमण म्हणायचा, घाबरलेला नव्हता. कान चोळत बसला आणि म्हणाला, "मी दमलोय. तुम्ही व्हा पुढं." बस, एवढाच गुन्हा. दुपारी त्याला एका गोठ्याच्या भिंतीशी उभं केलं. बंदुका घेऊन जे समोर उभे केले, ते त्याच्याच तुकडीतले. मुद्दाम. सगळ्यांना धडा म्हणून. त्यात चिमण. दोघांची नजरानजर झाली. बाईंच्या नवऱ्यानं मान हलवली, "असू दे" अशी. आणि चिमणनं… हो. चिमणनं इतरांसारखंच केलं. त्याच संध्याकाळी चालायला लागला, तो थेट माझ्या दारात.

हे सगळं त्या एका शॉटमध्ये नाही हो मावलं. तिथं त्यानं फक्त एवढंच सांगितलं — "तुमचा माणूस मेला. मी मारला."

त्या दिवशी मी घरी गेलेच नाही, तळघरात चिमणपाशी बसून राहिले; तिथंच त्यानं मला हे सगळं सांगितलं. मला खात्री होती, बाई पोलिसांकडे जाणार. कोण नाही जाणार? आणि सकाळी आलेच ते. लष्करी पोलिस, चांगले धिप्पाड, एक अधिकारी. पळून आलेल्या शिपायांचा शोध चालला होता, सगळ्या गल्लीत घरोघर. चिमण पेटीत, पूर्ण मेकअपमध्ये, बुटांवर झगा ओढलेला, शॉट लागलेला. मी रंगाची वाटी घेऊन बाजूला. अधिकारी पेटीशी आला, वाकून बघितलं, आणि बाईंना विचारलं — बाईंना हो, सगळ्यांना सोडून, त्यांचाच चेहरा ओळखीचा ना! — "हा कोण?"

बाई चिमणकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हा माझं रक्त पितो. पगार घेऊन." शिपाई सगळे हसले. अधिकारीही हसला, म्हणाला, "पण हा हसत नाही?" बाई म्हणाल्या, "मेलेली माणसं हसत नाहीत, साहेब. तुम्ही तर रोज बघत असाल." त्याचं हसू तिथंच जिरलं. टोपी सारखी करून निघून गेला.

मी बाईंच्या पायावर लोळण घेतली. बाई म्हणाल्या, "ऊठ. तुझ्यासाठी नाही केलं मी." मी म्हटलं, देवमाणूस आहात तुम्ही. तेव्हा कळलंच नाही मला, ते वाक्य नीट ऐकायला हवं होतं.

कारण त्यानंतर सुरू झालं. प्रत्येक सुट्टीत बाई खाली तळघरात. पेटीच्या काठावर बसायच्या — "सांग." त्यानं सांगायचं. "सकाळी काय खाल्लं होतं त्यानं? भिंत कसली होती? मान हलवली म्हणजे कशी, करून दाखव. डोळे कुणी मिटले? पुन्हा सांग." तो सांगायचा. एकच गोष्ट, पुन्हा पुन्हा, पहिल्यापासून. काही चुकलं की धरायच्या, "काल म्हणालास ढग होते, आज ऊन म्हणतोस. खरं काय?" स्वेटर कुठं गेला, कुणास ठाऊक. हसणं गेलं. पण तोंडावर काय तेज आलं म्हणून सांगू! मी तर रंग लावायचे, मला कळायचं ना — गालांना काही लावायची गरजच राहिली नाही. आणि दुसऱ्या खुर्चीत चिमण. त्याचे गाल आत ओढलेले दाखवायला आधी मला काळा रंग लागायचा. शेवटी शेवटी तोही लागेनासा झाला.

चित्र संपलं. स्टुडिओला कुलूप लागणार, आता याला ठेवायचं कुठं? बाई म्हणाल्या, "माझ्याकडे राहील." याच घरात. टेकडीवरचं घर, एवढ्या मोठ्या नटीचं, इथं कोण झडती घेणार? माझा जीव भांड्यात पडला. मी रविवारी यायचे त्याला भेटायला. बाई दारातच सांगायच्या, झोपलाय. पुढच्या खेपेला, झोपलाय. एकदा मी म्हटलं, असू दे, नुसतं बघते लांबून. तर आतून आवाज येत होता त्याचा. सपाट, एका सुरात, मुलं पाढे म्हणतात ना तसा. मी म्हटलं, बाई, जागा आहे तो. तर म्हणते कशी, "झोपेत बोलतो." आणि दार लावून घेतलं. आतून मग तिचा आवाज — "मग?"

लढाई संपली. रस्त्यात लोक अनोळखी माणसांच्या गळ्यात पडत होते. आणि थोड्याच दिवसांनी जाहीर झालं, पळून आलेल्या शिपायांना माफी. मी धावत आले हो, टेकडी धावत चढले, दार ढकलून सरळ आत. याच खोलीत बसला होता तो, पडद्याआड. म्हटलं, "चिमण, माफी झाली! चल घरी, ऊठ!" त्यानं माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "ताई, अजून सांगून झालं नाही." मी त्याचा हात धरून ओढला. अहो, ओढावंसुद्धा लागलं नाही, एवढा हलका झाला होता — पण उठेना. बाई मागं उभी. थांबवलंही नाही मला. म्हणाली, "ने की. येत असेल तर ने."

नाही आला.

त्याच हिवाळ्यात गेला. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा, रक्त फार कमी झालं होतं. मला निरोप आला तोवर त्याला पुसून, कपडे घालून ठेवलं होतं. रोज मी त्याचं तोंड रंगवलं, मी पुसलं — आणि शेवटचं दुसऱ्याच कुणी पुसलं. मी तिला एवढंच विचारलं, "शेवटी काय म्हणाला तो? माझं नाव घेतलं का?" बहिणीनं एवढं विचारू नये का? तर ती म्हणाली, "ते माझं आहे." ऐकलंत? माझा भाऊ, आणि ते हिचं आहे!

पुढं तिनं एकही पिक्चर केला नाही. बोलावणी पुष्कळ आली. लोकांना वाटलं, दुःखात आहे. मी दुसऱ्या स्टुडिओत गेले, जन्मभर लोकांची तोंडं रंगवली, लग्न केलं, नवरा गेला, सगळं रीतसर झालं. मग कळलं, बाई जिन्यावरून पडली, कंबर मोडली, अंथरुणाला खिळली. मागंपुढं कुणी नाही. नोकर टिकेनात. मी माझी कपड्यांची पेटी उचलली आणि इथं आले. लोक म्हणतात, काय मन आहे, काय सेवा करते, सख्खी बहीण करणार नाही. तुम्हीही येताना खाली हेच ऐकलं असेल. करतेच मी. अंग पुसते, भरवते, केस विंचरते. पाठीला जखम होऊ दिली नाही आजवर, कुणीही येऊन बघावं.

आणि संध्याकाळ झाली की जवळ बसते. बोलतो आम्ही. म्हणजे ती बोलते. चिमण या घरात कसा राहिला, कुठल्या कुशीवर निजायचा, शेवटच्या दिवशी खिडकी उघड म्हणाला का नको म्हणाला. सगळं तिच्याकडेच आहे ना, दुसरीकडे कुठं मिळणार मला? पहिल्यांदा बोलायचीच नाही. ओठ घट्ट. पण दुखणं वाईट असतं हो, कंबरेचं. औषध घेतलं की मग लगेच झोप लागते तिला, काही उपयोग नाही. म्हणून आधी सांगायचं, मग औषध. आता सवय झालीय, बरोबर सांगते. कधी कधी जुनंच सांगते, कधी बनवून सांगते, ते मला कळतं, मग जरा वेळ जास्त…

तसं नाही. तसं नाही हो. चेहरा कशाला असा करताय? औषध वेळेवरच देते मी. डॉक्टरच म्हणाले, फार लवकर देऊ नका, सवय लागते. विचारा हवं तर त्यांना. तुम्हाला बाहेरून काय कळणार, माणूस सांभाळायचं म्हणजे काय असतं?

नाही, आत नाही जाता येणार. म्हटलं ना, झोपलीय. ते? ते काही नाही, झोपेत कण्हते ती. तुमचं नाव तिला कुठून माहीत असणार, मला बोलावतेय. बसा. नको, बसूही नका, उठाच तुम्ही आता. उजेड कमी झाला, टेकडीचा उतार वाईट आहे, पाय घसरेल. तुम्हाला किंकाळीचं हवं होतं ना, मिळालं की सगळं. लिहा काय लिहायचं ते, मी काही अडवत नाही. पुन्हा मात्र यायचं नाही. दार मीच लावते, तुम्ही व्हा पुढं.

आले, आले! ऐकू येतंय मला. हो, हातातच आहे बाटली. गेले ते, कुणी नाही आता. हे बघ, मी बसले. आधी सांग.